एका रात्रीत

शिळफाट्याच्या पुढं, पाइपलाइन ओलांडून,
रिक्षावाला जिथं "आता पायी जा" म्हणतो
तिथं एक देऊळ होतं.
आता जोतं आहे, दोन खांब,
आणि खांबांवर आडवी टेकलेली एक तुळई,
जिच्याखालून शेळ्या जातात.

तुळईचं वजन मी काढलंय.
लांबी, रुंदी, जाडी, काळ्या दगडाची घनता.
अकरा टन.
गुप्ते मॅडमनी आकड्याभोवती गोल केला
आणि शेजारी प्रश्नचिन्ह.
नकाशाच्या चौथ्या कागदावर ते अजून आहे.

चांगुणाबाय भोईर शेळ्या वळवता वळवता म्हणाली,
"पांडवांनी बांधला गो, एके रातीन.
कोंबरा आरवला न् राह्यला तसाच."
तिच्या नातवाच्या मोबाइलमध्ये
आभाळातून उतरलेले कुणीतरी होते.
मॅडम म्हणाल्या, मातीचा उतार असणार,
बैल असणार, ओंडके असणार.
मॅडमचं प्रत्येक वाक्य "असणार"वर थांबतं,
म्हणूनच त्या मला आवडतात.

रविवारी मी अप्पाला घेऊन गेले.
तिमण्णा धोत्रे, तुर्भ्याच्या खाणीत एकतीस वर्षं घण,
डावा कान गेलेला,
उजव्या हाताच्या दोन बोटांना नखं नाहीत.
तुळईकडं त्यानं पाहिलंच नाही.
देवळामागच्या कातळाशी गेला, म्हणाला, "बाटली दे."
मला वाटलं, तहान लागली.
त्यानं पाणी कातळावर ओतलं
आणि उकिडवा बसून
ते कुठं आधी वाळतंय ते बघत राहिला.

"हितनं काढलाय," म्हणाला.
गवत उपटलं तर खाली भोकांची ओळ,
शिवण उसवल्यासारखी.
"सुकं लाकूड ठोकायचं, बाभळीचं.
सांजच्याला त्येला पाणी पाजायचं.
मग भाकर खायाची, झोपायचं.
लाकूड रातभर फुगतंय, दगडाला कळत बी न्हाई.
पहाटं आवाज येतो."
"कसला?"
त्यानं टाळूला जीभ लावून
टक केलं.
एवढाच.
एवढ्या आवाजात अकरा टन डोंगरातून सुटले.

म्हणजे एका रात्रीत, हे खरं.
कोंबडाही खरा.
फक्त पांडव पाचाहून जास्त होते.

"आणि वर चढवला कसा?"
आता त्यानं तुळईकडं पाहिलं. बराच वेळ.
"ते न्हाई ठावं.
आमी खाली पाडायचो, ट्रकात भरायचो.
वर चढवायला आमाला कुनी सांगितलंच न्हाई."

पलीकडं आणखी एक ओळ निघाली.
सात भोकं पुरी, वीतवीत अंतरावर.
आठवं नुसतं सुरू केलेलं,
बोटाच्या एका पेराएवढं.
अप्पानं बिननखाचं बोट त्यात घातलं
आणि तसाच बसला.

का थांबले?
राजा मेला, मजुरी थकली, ताप आला, युद्ध झालं?
दगडात चीर होती का?
"दगड चांगला हाय," एवढंच म्हणाला.

तुर्भ्याला खाण बंदचा कागद दुपारी आला होता.
त्याची स्वतःची बारा भोकं तिथल्या कड्यात आहेत.
खाली आता पाणी साचलंय,
थंडीत दुर्बिणी घेऊन लोक येतात, पक्षी मोजतात.
कड्याकडं बघून त्यांना काय वाटत असेल,
मी कधी विचारलं नाही.

पाचव्या कागदावर मी लिहिलं:
भोक आठ, व्यास चार सेंमी, खोली दोन.
कारणाचा रकाना कोरा ठेवला.

परतताना महापेच्या सिग्नलला बस अडकली.
दोन्हीकडं काचा, काचांत संध्याकाळ,
मांडीवर रिकामी बाटली.
अप्पा एकदम म्हणाला,
"डावखुरा होता."
"कोण?"
तो आपला हात उलटा धरून
हवेत हळूहळू टाकीचा कोन लावत होता.
"आठव्या भोकाचा."